सामन्यात घातलेली जर्सी ओळखावी कशी?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त ओहायोतील कोलंबस येथे राहतो. कॉलेज संघांच्या अमेरिकन फुटबॉलमधील 1970च्या दशकातील जर्सी जमवण्याचा छंद मला नुकताच लागला आहे. एका विक्रेत्याने जाळीदार नायलॉनची, ‘प्रत्यक्ष सामन्यात घातलेली’ एक जर्सी प्रमाणपत्रासह देऊ केली आहे. तिचा खरेपणा कसा पारखावा? घेतल्यावर ती धुवावी का?
– एक वाचक, कोलंबस

उत्तर : प्रमाणपत्र बाजूला ठेवून आधी कापड पाहावे. आघाडीच्या फळीतील लाइनमन प्रतिस्पर्ध्याशी अंगाला अंग भिडवून झुंजतात, त्यामुळे त्यांच्या जर्सीची झीज छातीवर आणि खांद्यांवर अधिक दिसते, तर अंकांवर अनेकदा समोरच्या हेल्मेटचा रंग घासून उतरलेला असतो. फाटलेला भाग संघाचे साहित्य सांभाळणारे कर्मचारी पुढच्या सामन्याआधी घाईने शिवून देत, आणि मिळेल त्या दोऱ्याने घातलेले हे वेडेवाकडे टाके संग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. मुद्दाम जुनी केलेली जर्सी बहुधा सगळीकडे सारखीच घासलेली आढळते.

सर्वांत भक्कम कसोटी म्हणजे सामन्याचे स्पष्ट छायाचित्र. जाळीदार कापडावर अंक बसवताना त्याची कड नेमक्या कोणत्या छिद्रांवरून जाते, हे दोन जर्सींत तंतोतंत सारखे येणे जवळपास अशक्य असते. म्हणून विक्रेत्याकडून अंकांचे जवळून काढलेले फोटो मागवून ते जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावेत.

खेळाडूच्या नावाबाबत मात्र सावध राहावे. त्या काळी एकच जर्सी अनेक हंगाम वापरली जाई आणि पुढे सरावासाठी दिली जाई, त्यामुळे केवळ क्रमांकावरून ती एखाद्या नामवंताची ठरत नाही. माझ्या मते, खेळाडू अज्ञात असलेली पण जागोजागी शिवलेली जर्सी, मोठ्या नावावर खपवलेल्या कोऱ्या करकरीत जर्सीपेक्षा कितीतरी सरस होय. धरताच फाटून पकडणाऱ्याच्या हातात येणाऱ्या ‘टेअर-अवे’ जर्सींवर अमेरिकेतील कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने 1982मध्ये बंदी घातली. त्या फाटण्यासाठीच बनवलेल्या असल्याने, अशी जर्सी अखंड मिळाली तर ती मैदानावर गेली होती का, हे आवर्जून विचारावे.

धुऊ मात्र मुळीच नये. गवताचे आणि चिखलाचे डाग हाच तिचा पुरावा आहे. हँगरवर टांगल्यास खांद्यांवर ताण येतो, म्हणून ती आम्लविरहित कागदात, सपाट आणि उन्हापासून दूर ठेवावी.