फरशी पुसणं व्यायामात धरायचं का?

प्रश्न : मॅडम, मी अमळनेरची, वय ४९. तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर दर वेळी विचारतात, "व्यायाम करता का?" पहाटे साडेपाचला उठते. पाणी भरणं, झाडझूड, फरशी, हाताने कपडे, पाच माणसांच्या भाकरी. रात्री अंग मोडून येतं. घरचे म्हणतात, "दिवसभर तर करतेच आहेस." मग वेगळा व्यायाम कशाला?

उत्तर : ताई, काही कामं व्यायामात धरायची, काही नाही. पण ते थकव्यावरून ठरवू नका, श्वासावरून ठरवा.

माझी आई पारोळ्याजवळच्या खेड्यातली. उन्हाळ्यात बिबडे करायची. पहाटे चुलीवर ज्वारीचा घाटा शिजवायचा आणि उन्हं चढायच्या आत गच्चीवर कापडावर बिबडे थापायचे. दुपारी कंबर धरून बसायची. बावन्नाव्या वर्षी तिला शुगर निघाली. सगळे म्हणाले, "एवढं राबणाऱ्या बाईला शुगर कशी?" मी तेव्हा फिजिओथेरपी शिकत होते. एका सकाळी घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसले. घाटा घोटताना तिचा श्वास खरोखर वाढला, पण तेवढी वीसेक मिनिटंच. पुढचे चार तास ती वाकून नाहीतर उकिडवी. कंबर आणि गुडघे दमत होते, हृदयाला मात्र फारसं काम नव्हतं.

तुमचंही तसंच होत असणार. बसल्या जागी शरीराला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या तिप्पट तरी लागली तर त्याला मध्यम श्रम म्हणतात. जोर लावून झाडणं, फरशी पुसणं, भरलेल्या बादल्या जिन्याने वर नेणं त्यात बसतं. भाकरी थापणं, भांडी घासणं साधारण दुपटीच्या आसपास राहतं. ओळखायचं सोपं आहे : काम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणायला श्वास पुरत नाही, ती मिनिटं मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे आठवड्याला अशी किमान १५० मिनिटं हवीत. घरकाम त्यात धरलेलं आहे. सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची, ही जुनी अटही तेव्हा काढली. म्हणजे तुमची फरशीची पाच मिनिटंही जमेला धरा. एक आठवडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, किती कमी पडतात ते कळेल.

कमी पडतील तेवढी चालून भरा. जेवणानंतर चाललात तर उत्तम. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात मात्र सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच निघा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्या, ते घरकामातून नीट होत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून टाचा उचला. गुडघा दुखला तर थांबा.

आणि घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. संध्याकाळची चालायची वीस मिनिटं तुमच्या औषधाचा भाग आहेत. त्या वेळी भाकरी दुसऱ्या कोणी थापल्या तरी चालतील. माझ्या वडिलांनी साठी उलटल्यावर कणीक मळायला शिकून घेतलं.

तुमच्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते का, हे डॉक्टरांना आधी विचारा. तसं असेल तर चालायला जाताना पदराच्या गाठीत खडीसाखर असू द्या.