पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

वाहन परवाना आणि डोळे या एकाच विषयावर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसं घर आज प्रत्येक गल्लीत आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. रोज वॅगनआर घेऊन द्राक्षबागेत जातात, महिन्यातून दोनदा सांगलीलाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या लायसन्सची मुदत संपतेय. ओळखीचे एक डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "काकांना कशाला आणताय, फॉर्म पाठवा, सही-शिक्का देतो." पण दिवाळीत विट्याहून रात्री येताना समोरून ट्रक आला आणि बाबांनी गाडी रस्त्यातच उभी केली. काहीच दिसेना म्हणाले. घरी आल्यावर मात्र, "डोळ्यांना काय झालंय? उलट पेपर वाचायचा चष्मासुद्धा सुटलाय माझा," असं म्हणून विषय बंद केला. मी काय करू?
— एक मुलगी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं 'चष्मा सुटलाय' हे वाचलं आणि मला काळजी वाटली. साठी उलटल्यावर वाचायचा चष्मा आपोआप सुटतो तेव्हा बहुतेक वेळा मोतीबिंदू वाढत असतो. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि नंबर मायनसकडे सरकतो. मग जवळचं अक्षर बिनचष्म्याचं दिसायला लागतं. घरात सगळे खूश होतात, पण तेवढंच लांबचं दिसणं कमी झालेलं असतं, आणि गाडी तर लांबच्याच नजरेवर चालते. ट्रकच्या दिव्याचंही कारण हेच. भिंग गढूळ झालं की आत येणारा प्रकाश फाकतो. पहाटे दव पडलेल्या काचेतून समोरचा दिवा कसा दिसतो, तसं बाबांना त्या रात्री दिसलं असणार. त्यांनी गाडी थांबवली हे फार चांगलं केलं.

आता फॉर्मबद्दल. वयाची ४० वर्षं झाली की परवान्याच्या अर्जाला फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पंचावन्नच्या पुढे परवाना एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतो, म्हणजे आज झालेली सही बाबांच्या बहात्तरीपर्यंत चालणार. दृष्टीत दोष आहे का, असल्यास चष्म्याने तो दूर झाला आहे का, हे डॉक्टरने त्यात लिहायचं असतं. आणि एक साधा प्रश्न असतो : चांगल्या उजेडात, दिवसा, २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? चष्मा असेल तर तो लावून.

हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. मोटारीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. ते २५ मीटरवरून वाचता येतं याचा अर्थ दवाखान्यातल्या तक्त्यावर साधारण ६/१० ते ६/१२ इतकी नजर आहे. निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ते अक्षर ६ मीटरवरून वाचणारी नजर ती ६/१२. म्हणजे कायदा गरुडाची नजर मागत नाही, बऱ्यापैकी नजर मागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २५ मीटर अंतर दीड सेकंदात कापते. तेवढ्या अंतरावरची पाटीही ज्याला दिसत नाही, त्याच्यापुढे एखादं पोर सायकल घेऊन आडवं आलं तर दिसेपर्यंत उशीर झालेला असेल.

तपासणी तुमच्या अंगणात करा. टेप नसेल तर कपाटातली तीन नऊवारी काढा आणि टोकाला टोक लावून अंथरा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तीन लुगड्यांत पंचवीस मीटर जवळपास पुरे होतात. एका आठवडी बाजाराच्या गावात आमच्या शिबिरात टेप सापडेना, तेव्हा तिथल्या आजींनी ही युक्ती सांगितली. तेव्हापासून मी ती सगळ्यांना सांगते. एका टोकाला गाडी उभी करा, दुसऱ्या टोकाला बाबांना. आधी दोन्ही डोळ्यांनी वाचू द्या, मग एकेक डोळा तळहाताने झाकून. बोटांनी झाकू नका, फटीतून दिसतं. दुचाकीच्या पाटीवरचे आकडे लहान असतात, ती पाटी यासाठी घेऊ नका.

आणि घरची गाडी तर मुळीच नको, तिचा नंबर बाबांना पाठ आहे. त्याच शिबिरात उसाचे ट्रॅक्टर चालवणारे एक गृहस्थ आले होते, पंचेचाळिशीचे. धडाधड वाचायला लागले, "एमएच दहा..." मी मान डोलावली आणि मग माझ्या लक्षात आलं, सांगली जिल्ह्यात निम्म्याहून जास्त पाट्या एमएच दहाच असतात. तेवढं न बघताही सांगता येतं. पुढचे चार आकडे विचारले तर तीनचा आठ झाला, सहाचाही आठ झाला. माणूस खोटं बोलत नव्हता. डोळ्यांना जे अर्धवट दिसतं ते मेंदू भरून काढतो आणि आपल्याला वाटतं आपण वाचलं. ते सीझनभर रात्री ऊस वाहायचे. चष्मा दिला, उणे दीडचा. लावून बाहेर गेले आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचत उभे राहिले. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून शेवटचे चार आकडे विचारा, आणि शेजाऱ्यांच्या गाडीचे.

मात्र, पाटी वाचता आली तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. फॉर्म दिवसाच्या उजेडाचं विचारतो, बाबा अडले रात्री. शिवाय काचबिंदूत आजूबाजूची नजर आधी जाते, मधली बराच काळ टिकते. असा माणूस पाटी खणखणीत वाचतो आणि बाजूने आलेली बैलगाडी त्याला दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांचं प्रेशर, पडदा आणि मोतीबिंदू यांची तपासणी बाहुली मोठी करून व्हायलाच हवी. त्या दिवशी बाबांनी गाडी चालवायची नाही, तुम्ही सोबत जा.

ओळखीच्या डॉक्टरांची सही घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. ते माणूस म्हणून चांगले असतील, पण न तपासता दिलेली सही हे उपकार नव्हेत. माझ्या ओळखीतल्या एका घराने अशीच सही आणली होती. पुढे वडिलांच्या गाडीखाली शाळेतून येणाऱ्या एका मुलीचा पाय गेला. तो कागद कपाटात तसाच आहे आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याला धोकादायक आजार किंवा दोष आहे हे माहीत असून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी २,००० पर्यंत दंड. पैसे फार नाहीत, पण 'माहीत असून' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. दिवाळीच्या त्या रात्रीनंतर बाबांना आणि तुम्हालाही माहीत आहे.

घाईचं तर काहीच कारण नाही. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला तर चालतो, वर्ष उलटलं तरच पुन्हा चाचणी द्यावी लागते. फक्त मुदत संपल्यापासून नूतनीकरण होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मोतीबिंदूच निघाला तर तेवढ्या काळात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन नवा चष्माही मिळतो. मग डॉक्टरांनी नजर मोजून हो म्हटलं की फॉर्म भरा. तो खरा असेल.

बाबांशी बोलताना 'आता वय झालं' हे वाक्य तोंडातून काढू नका. द्राक्षबागेत स्वतः गाडी घेऊन जाणं हा त्यांचा मान आहे. "बाबा, डोळे करून घ्या, म्हणजे अजून दहा वर्षं तुम्हीच चालवाल," असं म्हणा. हे गोड बोलणं नव्हे, वैद्यकीयदृष्ट्याही बऱ्याच वेळा हेच खरं ठरतं. तोवर सूर्य मावळल्यानंतरची गाडी तुम्ही किंवा भावाने चालवा. आणि रात्रीसाठी म्हणून विकतात तो पिवळ्या काचेचा चष्मा आणू नका. त्याने आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी लंडनजवळ राहतो. तिकडचं लायसन्स मिळालं, पण कार्डाच्या मागे ०१ असा आकडा छापलाय. त्याच्या डोळ्यांत काही दोष नोंदवला गेला का? तो कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो.
— एक आई, पुणे

उत्तर : काळजी करू नका. ०१ म्हणजे नजर दुरुस्त करून गाडी चालवावी. चष्मा लावा किंवा लेन्स, दोन्ही चालतं. ब्रिटनमध्ये गाडीच्या चाचणीची सुरुवातच पाटी वाचण्याने होते, २० मीटरवरून. ती वाचता आली नाही तर चाचणी तिथेच संपते, गाडी सुरूसुद्धा करू देत नाहीत. शिवाय तक्त्यावर निदान ६/१२ नजर लागते. तुमचा मुलगा लेन्स लावून यात पास झाला, म्हणून तो आकडा आला. लेन्सशिवाय गाडी चालवली तर मात्र तो गुन्हा आहे आणि दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. त्याला एवढंच सांगा, की लेन्सने डोळा लाल झाला तर ती काढता यावी म्हणून गाडीच्या कप्प्यात चालू नंबरचा चष्मा कायम ठेव. पुढे लेझर करून नंबर गेला तर तिथल्या डीव्हीएलए या परवाना खात्याला कळवून तो आकडा काढून घेता येतो.

प्रश्न : मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. २०१६ साली याच कारणाने लायसन्स नाकारलं गेलं. आता पुन्हा अर्ज करावा का?
— वय २९, सातारा

उत्तर : जरूर करा. जून २०२० मध्ये केंद्राने फॉर्म १ आणि १-ए बदलले. सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना आता परवाना मिळतो, तीव्र असेल तरच अडचण येते. तेव्हा आधी तुमचं रंगांधत्व कोणत्या प्रतीचं आहे ते नेत्रतज्ज्ञाकडून तपासून लिहून घ्या. ठिपक्यांच्या पुस्तकावरून दोष आहे एवढंच नीट कळतं, किती आहे ते सांगायला आणखी तपासण्या लागतात. त्या कुठे होतात ते आधी फोन करून विचारा. उभ्या सिग्नलला लाल वर आणि हिरवा खाली हे तुम्ही इतकी वर्षं पाहत आला आहातच. पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट लागलेला मात्र रंगावरून तुमच्या चटकन लक्षात येणार नाही, म्हणून इतरांपेक्षा दुप्पट अंतर ठेवून चालवा. दहा वर्षांपूर्वी मिळालेल्या नकाराने तुम्ही गप्प बसलात याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : शेतकरी आहे, वय ३८. लायसन्स १४ वर्षांपूर्वीचं. मागच्या वर्षी उसाचं पातं लागून उजव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्याने आता दिसत नाही. डावा चांगला आहे. घरची जीप आहे आणि भाड्याने चालवतो तो टेम्पोही. दोन्ही चालवता येतील का?
— कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दादा, जीप हो, टेम्पो नाही. परवान्याच्या अर्जातच याची सोय केलेली आहे. पाच वर्षं परवाना वापरल्यानंतर एक डोळा गेला असेल, तर उरलेल्या डोळ्याने २५ मीटरवरची पाटी वाचणाऱ्याला हलकं खाजगी वाहन चालवता येतं. अट अशी की स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा हवा. भाड्याचं वाहन त्यात बसत नाही. टेम्पोचं उत्पन्न बुडणार हे मला समजतं, पण दुसऱ्याचा माल आणि माणसं घेऊन चालवायला कायदा जास्त नजर मागतो आणि मला ते पटतं. टेम्पो विकू नका, ड्रायव्हर ठेवून निभतंय का ते बघा.

जीपलाही लगेच हात घालू नका. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडतंय का, हे घरच्यांना विचारा. सांडणं थांबायला काही महिने लागतात, तोवर वाट बघा. तुमचा उजवा डोळा गेलाय, म्हणजे ओव्हरटेक करणारी गाडी येते तीच बाजू. नुसत्या आरशाने भागणार नाही, मान पूर्ण उजवीकडे वळवायची सवय लावा. सुरुवातीला दिवसा, शेताच्या रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी बसवूनच चालवा.

आणि डाव्या डोळ्याला जपा. ऊस तोडताना, पाला काढताना प्लास्टिकचा बंद गॉगल लावा. फार महाग मिळत नाही. पातं लागलंच तर घरात पडलेला ड्रॉप घालू नका, कुणाला जिभेने कचरा काढू देऊ नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे या. उजव्या डोळ्यातल्या फुलावर बुबुळरोपणाने काही करता येईल का, हे कुणी तपासून सांगितलं आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुने कागद घेऊन एकदा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नेत्रविभागात दाखवा.