‘वहिनी’ हा शब्द गळाला तेव्हा

पतीच्या निधनानंतरच्या पहिल्या वर्षात समुपदेशनासाठी येणाऱ्या, साठीच्या आसपासच्या स्त्रियांकडून एक प्रश्न मी वारंवार ऐकत आले आहे. “यांच्या ओळखीतले एक गृहस्थ मदतीला येत होते, आता त्यांचं बोलणं-वागणं बदललंय. माझंच काही चुकलं का, आणि संबंध न तोडता हे थांबवता येईल का?” हा प्रश्न पहिल्या भेटीत सहसा कोणी विचारत नाही. पहिल्या भेटीत झोप लागत नाही, जेवणाची वासना उरलेली नाही, मुले आपापल्या कामात आहेत, असे सांगितले जाते. वेळ संपून पर्स उचलताना, दाराच्या दिशेने एक पाऊल टाकून झाल्यावर, खरी गोष्ट बाहेर पडते.

ज्यांच्याविषयी मी येथे लिहीत आहे त्या बाई ६३ वर्षांच्या होत्या. लिहिण्यास त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत. त्यांचे पती जाऊन पाच महिने झाले होते. पतीचे जवळजवळ चाळीस वर्षांचे एक मित्र, जे स्वतः दोन वर्षांपूर्वी विधुर झाले होते, निवृत्तिवेतन, बँक आणि विमा यांची सगळी कामे आपणहून अंगावर घेऊन करत होते. प्रारंभी ते आठवड्यातून एकदा येत, मग एक दिवसाआड येऊ लागले, आणि पुढे कागदपत्रांचे काम नसतानाही संध्याकाळी येऊन बसू लागले. एका रात्री सव्वाअकरा वाजता त्यांचा दोनच शब्दांचा मेसेज आला, “झोपलीस का?” चाळीस वर्षे ज्या तोंडून ‘वहिनी’ आणि ‘तुम्ही’ याशिवाय संबोधन आले नव्हते, तेथून ‘वहिनी’ही गळाले आणि ‘तुम्ही’ही. बाईंनी उत्तर दिले नाही. पण त्या रात्री त्यांनी उठून दाराची कडी पुन्हा तपासली. त्यानंतर आठवडाभरात, एका अर्जावर सही कोठे करायची ते दाखवताना त्या गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटले, “आपण दोघंही आता एकटेच आहोत.”

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. हे ऐकल्यावर मी विचारले, “मग तुम्ही काय म्हणालात?” माझ्या दृष्टीने तो माहितीसाठी विचारलेला साधा प्रश्न होता, त्यांना मात्र ती उलटतपासणी वाटली. त्या गप्प झाल्या आणि पुढच्या दोन्ही भेटींत केवळ झोपेविषयी बोलत राहिल्या. ज्या स्त्रीने मनातल्या मनात हाच प्रश्न स्वतःला शंभरदा विचारून दरवेळी स्वतःला दोषी ठरवलेले असते, तिला तोच प्रश्न समुपदेशकानेही विचारावा, यासारखा दुसरा अविचार नाही. तिसऱ्या भेटीत मी माझा प्रश्न मागे घेतला आणि तो चुकीचा होता असे स्पष्ट सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी हात काढून घेतला नाही हो. दोन मिनिटं तशीच बसून राहिले. आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्यांच्या एका विनोदावर मी मोठ्यानं हसले होते.”

त्यांच्या मते हे दोन पुरावे होते, हसणे आणि हात न काढणे. हाताचे कारण समजावणे त्या मानाने सोपे होते. अनपेक्षित आणि नकोशा स्पर्शाने शरीर थिजते, हे घाबरलेल्या माणसाच्या बाबतीत सर्रास घडते, आणि समोरचा माणूस परका नसून विश्वासातला असेल तर ‘हे खरंच घडतंय का’ याचा उलगडा होण्यातच ती दोन मिनिटे निघून जातात. थिजण्याला संमती समजणे ही समजणाऱ्याची सोय असते.

हसण्याचे प्रकरण अधिक नाजूक होते, कारण त्या हसल्या होत्या आणि त्या हसण्यात त्यांना बरे वाटले होते, हेही खरे होते. शोक हा ओळीने चढत जाण्याच्या पायऱ्यांचा जिना असतो असा समज फार पसरलेला आहे, परंतु प्रत्यक्षात तो बहुधा तसा चालत नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली जी मांडणी केली, तिच्यानुसार शोक करणारे माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खात असते. एका क्षणी ते गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडालेले असते, तर दुसऱ्या क्षणी बिल भरणे, नवे काम शिकणे, कोणाशी तरी चार शब्द बोलून हसणे अशा जगण्याच्या व्यवहारात असते, आणि हे दुसरे टोकही शोकाचाच भाग असते. बाईंचे ते हसणे पाच महिन्यांनंतर मनाने घेतलेल्या श्वासासारखे होते. ते समोर बसलेल्या माणसासाठी नव्हते. त्या गृहस्थांनी ते आपल्यासाठी आहे असे धरून चालावे, याचा दोष बाईंकडे कसा येतो, असे मी विचारले तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी आता हसायचंही जपून असं नाही ना?”

‘एकटेच आहोत’ या वाक्याविषयीही आम्ही बोललो, कारण ते वाक्य अर्धे खरे असल्यामुळेच त्यांना इतके टोचले होते. रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. जवळच्या एका माणसाची उणीव निराळी आणि माणसांच्या वर्तुळाची उणीव निराळी. एकीची भरपाई दुसरीने होत नाही. नातेवाइकांनी भरलेल्या घरातही बाईंना रात्री पलंगाची दुसरी बाजू रिकामी वाटत होती. ती उणीव त्यांच्या पतीची होती, ‘कोणाची तरी’ नव्हती. त्या गृहस्थांनी मात्र त्या जागेचा अर्थ ‘रिकामी आहे, म्हणजे भरण्यासाठी आहे’ असा लावला.

त्यांनी तो का लावला असावा? डेबोरा कार या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांच्या २००४ सालच्या अभ्यासात, जोडीदार गेल्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा विवाह करण्याची इच्छा विधवांपेक्षा विधुरांमध्ये अधिक आढळली. परंतु ज्या पुरुषांना मित्रांचा भरपूर आधार होता, त्यांच्यात आणि स्त्रियांत हा फरक उरला नव्हता. सुखदुःख बोलण्यासाठी ज्यांना आयुष्यभर पत्नीवाचून दुसरे कोणी नव्हते, असे पुरुष तिच्यामागे ओळखीतील सर्वांत जवळच्या स्त्रीकडे वळतात, हे मी माझ्या कामातही पाहिले आहे. हे मी बाईंना सांगितले, पण आधी थोडे कचरले, कारण अशी कारणे कळली की आपल्या पिढीतील स्त्रिया लगेच समोरच्याची कीव करून स्वतःचा नकार गिळतात. त्यांनीही तेच केले. “बिचारे,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणावे लागले की त्यांच्या एकटेपणावर इलाज असायला हवा हे मान्य, तो इलाज तुम्ही असायला हवे हे मात्र कोठून आले?

नकार देण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट होती, आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते. मूळ कागदपत्रांची फाइल त्या गृहस्थांच्या घरी होती, बँकेच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक होता आणि अडीअडचणीला असू द्यावी म्हणून घराची एक किल्लीही त्यांच्याकडे होती. मदत आणि अवलंबित्व यांची गाठ अशी बसलेली असताना नुसता नकार दिला, तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस कागदांसाठी पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून आधी मुलीने फोन करून फाइल मागवून घेतली, पासवर्ड बदलला, कुलूप बदलले. बाईंना यात अपराधी वाटत होते. “त्यांनी एका पैशाचाही घोळ केलेला नाही,” असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते खरेही होते. परंतु आपल्या घराची किल्ली आपल्याकडे असावी यासाठी कोणावर आरोप करावा लागत नाही. (त्या गृहस्थांनी धमकी दिली होती का, दारू पिऊन आले होते का, नको म्हटल्यावरही आत शिरले होते का, हे मी प्रारंभीच विचारून घेतले होते. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले असते तर पहिले पाऊल घरच्यांना आणि पोलिसांना कळवण्याचे ठरले असते.)

नकाराच्या शब्दांवर आम्ही एक पूर्ण भेट खर्च केली. बाईंनी लिहून आणलेला मजकूर अकरा ओळींचा होता. त्याची सुरुवात ‘तुम्ही आमच्यासाठी फार केलंत’ अशी होती, मध्ये ‘एवढ्यात असा विचारही करवत नाही’, ‘मुलांना आवडणार नाही’ आणि ‘लोक काय म्हणतील’ ही तीन वाक्ये होती, आणि शेवटी क्षमा मागितली होती. मी त्यांना म्हटले, आता हा मजकूर त्यांच्या बाजूने वाचून पाहू या. ‘एवढ्यात नको’ याला उत्तर आहे, ‘मी थांबेन’. ‘मुलांना आवडणार नाही’ याला उत्तर आहे, ‘मुलांशी मी बोलतो’. ‘लोक काय म्हणतील’ याला उत्तर आहे, ‘कुणाला कळणार नाही’. नकाराला जोडलेले प्रत्येक कारण समोरच्याला दूर करण्याजोगा अडथळा वाटते, आणि तो मन लावून तो दूर करू लागतो. दिवंगत पतीचे नाव पुढे करण्याचाही उपयोग होत नाही, ‘यांना काय वाटलं असतं’ असे बाई एकदा म्हणाल्या होत्या, तेव्हा ते गृहस्थ शांतपणे म्हणाले होते, “तुझी काळजी घ्यायला त्यानंच मला सांगितलं होतं.” हे खरे की खोटे, विचारायला आता कोणी नव्हते.

शेवटी मजकुरात तीन वाक्ये उरली. “तुमचं माझ्याशी हे वागणं मला नको आहे. यापुढे घरी येऊ नका आणि मेसेज करू नका. कागदपत्रांचं काम आता मुलगी बघेल.” बाईंना हे उद्धट वाटले. मला ते तसे वाटले नाही, पण त्यांची अस्वस्थता मी समजू शकत होते. समोरासमोर सांगण्याऐवजी लिहून पाठवावे असे त्यांनीच ठरवले, आणि ते योग्य होते, कारण लिहिलेल्या शब्दांशी वाद घालता येत नाही आणि ते नंतर दाखवताही येतात.

दाखवावे लागलेच. उत्तर आले की ‘तुमचा गैरसमज झाला, मी तर भावासारखा होतो, केल्याचं हे फळ मिळालं’. अशा वेळी हेच उत्तर बहुतेकदा येते, आणि गैरसमज झाला की नाही यावर चर्चा करण्याचे ते आमंत्रण असते. त्यांनी ते स्वीकारले नाही. मुलाला मात्र ते उत्तर पटले, तो म्हणाला, “आई, काकांचा तसा उद्देश नसेल.” बाईंनी काही न बोलता फोनवरचा तो जुना मेसेज उघडून त्याच्यासमोर धरला. सव्वाअकराची वेळ आणि ‘झोपलीस का?’ हे दोन शब्द. मुलगा पुढे त्या विषयावर बोलला नाही. हे मेसेज पुसून टाकावेत असे बाईंना पहिल्यापासून वाटत होते. फोनमध्ये असे काही असणे हीच त्यांना लाजेची बाब वाटे. ते ठेवा, असा आग्रह मी धरला होता.

यापुढचे दोन-तीन महिने त्यांना सर्वांत जड गेले, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय त्यांची हकीकत पुरी होत नाही. पती विशीत कसे होते, कोणत्या गोष्टीवर चिडत, पहिल्या नोकरीतले पहिले भांडण कशावरून झाले, हे सारे जाणणारा तो एकच माणूस उरला होता. त्याला दूर केल्यावर पतीच्या तरुणपणाचा साक्षीदारही गेला. “माझं एक माणूस गेलं होतं, त्याच्यामागून हेही गेले, आणि यांच्यासाठी रडले तर लोक भलताच अर्थ काढतील,” असे त्या म्हणाल्या. ज्याच्यामुळे त्रास झाला त्याच्याचसाठी दुःख होणे यात विसंगती नाही, परंतु हे दुःख सांगायला जागा नसते. आमच्या कित्येक भेटी केवळ त्यासाठीच झाल्या.

अशाच स्थितीतील दुसऱ्या एका स्त्रीला समोरून आलेला प्रस्ताव आवडला होता आणि विचाराअंती तिने तो स्वीकारला, हेही येथे नोंदवते, कारण विधवेने अशा गोष्टींपासून दूरच राहावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिला विचारले गेले होते आणि उत्तरासाठी वेळ दिला गेला होता. या बाईंच्या बाबतीत तसे काहीच झाले नव्हते.

पतीच्या निधनाला वर्ष झाले त्या दिवशी त्या गृहस्थांचा पुन्हा एक मेसेज आला. “वहिनी, आज त्याची आठवण आली. स्वतःला सांभाळा.” बाईंनी तो मला वाचून दाखवला, ‘वहिनी’ या शब्दापाशी थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “याला आजच उत्तर द्यायला हवं, असं काही नाही ना?”

“नाही,” मी म्हटले.

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला आणि विम्याच्या राहिलेल्या अर्जात एका रकान्याचा अर्थ लागत नव्हता, तो मला दाखवण्यासाठी कागद उलगडला.