‘शी सेल्स सी शेल्स’ हळू जमतं, वेगात म्हटलं की ‘शी सेल्स शी सेल्स’ होतं. अशी टंग ट्विस्टर न अडखळता कशी म्हणायची?

जीभ जड आहे म्हणून असं होत नाही, वाक्याची रचनाच तशी आहे. स्वर पाहा: ई, ए, ई, ए, अगदी एकाआड एक. व्यंजनं मात्र श, स, स, श. जीभ स्वरांचा ठेका धरते आणि व्यंजनांनाही त्यात ओढते, म्हणून तुमचं तिसऱ्या अक्षराला घसरतं. त्यात मराठीची जुनी खोड: पुढे इ किंवा ए आला की ‘स’चा ‘श’ करायचा. सिंदूरचा शेंदूर झाला, बोलण्यात सिनेमाचा शिनेमा होतो, तो त्यामुळेच. आणि या वाक्यात नेमके तेच दोन स्वर!

जीभ दिसत नाही, ओठ दिसतात. म्हणून आरशासमोर ओठ पकडा. ‘स’ला ओठ हसल्यासारखे ताणलेले, इंग्रजी ‘श’ला किंचित गोल करून पुढे. (मराठी ‘श’ला आपण ते एवढे पुढे काढत नाही.) आधी आवाज न काढता दहा वेळा नुसते ओठ हलवा: पुढे, ताण, ताण, पुढे. मग कुजबुजत, मग आवाजात.

वेगासाठी मोबाइलवर मेट्रोनोम लावा. मिनिटाला 60 ठोके, एका ठोक्याला एक अक्षर. सलग तीनदा स्वच्छ आलं तरच 5 ने वाढवा, चुकलं तर 10 ने मागे या. रेटून म्हणत राहिलात तर चूकच पाठ होते. दिवसातून दोनदा पाच मिनिटं पुरे. रेकॉर्ड करून ऐका, कारण बोलताना स्वतःचा ‘श’ कानाला ‘स’च वाटतो.

‘द सिक्स्थ सिक शेक्स सिक्स्थ शीप्स सिक’ याहून कितीतरी वाईट. ते शेवटाकडून बसवा: ‘सिक’, ‘शीप्स सिक’, ‘सिक्स्थ शीप्स सिक’, असं एकेक शब्द मागे जात. ‘शीप्स सिक’मधले दोन ‘स’ तोडू नका, एकच लांब ‘स’ काढा. आपला ‘थ’ हवा अडवतो आणि तिथेच गाडी थांबते. इंग्रजीत जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकेच टेकवून हवा सुटू द्यायची.

‘रेड लॉरी, यलो लॉरी’ची गोम ‘र’मध्ये आहे. आपल्या ‘र’ला जीभ टाळूला टेकते, ‘ल’लाही टेकते, म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळतात. ‘र’ला जीभ कुठेच टेकवू नका, फक्त ‘ल’ला टेकवा.