४१ व्या वर्षी पुन्हा नर्सिंगच्या वर्गात

"मॅडम, वाचलेलं डोक्यात राहतच नाही. या वयात हे उगाच ओढवून घेतलं का मी?"

समोर बसलेल्या बाईंचं वय ४१. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नर्सिंगची दोन वर्षं झाली, मग आईच्या आजारपणात शिक्षण सुटलं ते १९ वर्षं. पुन्हा प्रवेश घेऊन तीनच महिने झाले होते आणि औषधांच्या मात्रेच्या गणितांत त्या नापास झाल्या होत्या.

उशिरा शिकायला लागलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. "होईल सगळं" असं म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. म्हणून आधी विचारलं, अभ्यास कसा करता? रात्री घर झोपलं की तोच धडा तीन-तीनदा वाचायचा, ओळींखाली रेघा मारायच्या. म्हणजे डोळे राबत होते, आठवणीला काही कामच नव्हतं.

त्यांच्या वहीतलं एक गणित घेतलं आणि वही मिटून ठेवायला सांगितली. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना १ मिलिलिटरचा, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. सावकाश लिहीत त्या म्हणाल्या, "४२." उत्तर बरोबर होतं.

मग परीक्षेत काय झालं? बराच वेळ त्या गप्प राहिल्या. "शेजारच्या मुलीचं झटकन लिहून झालेलं दिसलं. माझ्या लेकीएवढी आहे ती. पुढचं सुचेचना."

मग प्रॅक्टिकलची गोष्ट निघाली. हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी काय करायचं हे बाहुलीवर दाखवायचं होतं. यांनी आधी श्वासमार्ग मोकळा केला, श्वास दिला आणि मग छातीवर हात ठेवले. मुली हसल्या. घरी जाऊन या रडल्या, "सगळं विसरले" म्हणून.

पण त्या काहीच विसरल्या नव्हत्या! त्या शिकल्या तेव्हा हाच क्रम होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये तो बदलला आणि मोठ्या माणसांसाठी छातीवरचे दाब आधी आणले. १९ वर्षांपूर्वीचा धडा त्यांच्या हातांना जसाच्या तसा पाठ होता. हे सांगितल्यावर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं विसरलं, तरी तेच पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं त्याला आढळलं. यांची ती दोन वर्षं अशीच आत शिल्लक होती. मात्र त्यातलं जुनं झालेलं वेगळं काढायला हवं होतं, नाहीतर वॉर्डात तेच घात करतं. त्यासाठी शिक्षिकेसमोर बसून "मी शिकले तेव्हा असं होतं, आता कसं आहे?" हे विचारायचं ठरलं. या एका वाक्याची आम्ही दोन भेटींत तालीम केली, कारण विचारायचीच लाज वाटत होती. बाकी रोज पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं आणि दोन गणितं सोडवायची, बस्स.

परीक्षेत शेजारी बसलेल्या त्या मुलीशी बोलायलाही मी सुचवलं. बोलल्यावर कळलं, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर तिचं तोंडच उघडत नाही. आता गणितं ती समजावते, वॉर्डात या तिच्यासोबत उभ्या राहतात.

फेरपरीक्षेनंतर त्या भेटायला आल्या. "तिच्याच शेजारी बसले होते. तिने आधी पेन खाली ठेवलं. मी माझं गणित आणखी एकदा तपासलं."