कलर पट्टी पानाची नसते, शीटची असते

प्रश्न : मी कळव्याला राहते. बारावी आर्ट्सनंतर डीटीपीचा कोर्स केला आणि आता ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका करते. रबाळे एमआयडीसीतल्या एका ऑफसेट प्रेसने प्रीप्रेसच्या (छपाईआधी फाइल तयार करण्याच्या) जागेसाठी चाचणी घेतली. आठ पानी माहितीपत्रकाची प्रिंट-रेडी फाइल करायची होती. मी आठवणीने कलर बारसुद्धा (छपाईचा रंग तपासायच्या चौकोनांची पट्टी) लावले. तरी ‘बार ब्लीडमध्ये (कापल्यावर पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेल्या भागात) घुसलेत, काळा मजकूर चार रंगांत आहे, फोटो आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) आहेत’ असे शेरे मारून फाइल परत आली. ते मला ट्रेनी म्हणून घ्यायला तयार आहेत, पण पगार आत्तापेक्षा कमी आहे. आई म्हणते, छपाईचे दिवस संपले, त्यापेक्षा मोबाइल अ‍ॅपच्या डिझाइनचा कोर्स कर. काय करू?

उत्तर :

प्रेसने फाइल परत केली आणि तरीही तुला बोलावलं. शेरे लिहायला तिथल्या कुणीतरी कामातून वेळ काढला, म्हणजे शिकवायची तयारी असलेलं माणूस त्या प्रेसमध्ये आहे. नव्या मुलीसाठी पगाराइतकंच हेही मोलाचं आहे. माझं मत आधीच सांगते : ही जागा घे. का, ते सविस्तर लिहिते.

फ्लेक्सच्या मशीनला तुझी फाइल थेट जाते. आरजीबी असली तरी सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, आणि बिघडलंच तर एक बॅनर पुन्हा निघतो. ऑफसेटमध्ये तुझ्या फाइलच्या चार प्लेट होतात (सायन म्हणजे निळसर, मजेंटा म्हणजे गुलाबी, यलो आणि ब्लॅक, दर शाईची एक) आणि हजारो शीट सुटतात. चूक दिसेपर्यंत कागद, शाई आणि प्लेट यांचा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून तिथे फाइल बनवणाऱ्याकडून वेगळ्या शिस्तीची अपेक्षा असते. तुला मिळालेले तिन्ही शेरे त्याच शिस्तीचे आहेत.

काळ्या मजकुराचं बघ. आरजीबीतला काळा नेहमीच्या सेटिंगने या चार शायांत बदलला, की तो सायन ७५, मजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० असा काहीतरी होतो, म्हणजे बेरीज ३०० टक्के. बारा पॉइंटाच्या अक्षरावर चार शाया एकावर एक. देवनागरीत हे फार लवकर उघडं पडतं, कारण शिरोरेषा ओळभर सलग धावते. रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर सरकलं, तरी तिच्या कडेला गुलाबी किंवा निळी झाक दिसते. मजकूर फक्त १०० टक्के ब्लॅकमध्ये आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापलेला) ठेवायचा. फोटो सीएमवायकेत (याच चार शायांत) बदलताना मात्र प्रेसचं प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या शाई-कागदासाठीचं रंगांचं सेटिंग, मागून घे. चकचकीत आर्ट पेपर आणि साधा मॅपलिथो सारखी शाई पीत नाहीत, त्यामुळे दोन्हींना एकच सेटिंग चालत नाही.

आता कलर बार. तू इनडिझाइनमधून (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) पीडीएफ काढताना ‘मार्क्स’वर (कटिंगच्या खुणा आणि कलर बार) टिक केली असणार, असा माझा अंदाज आहे. त्यातलं मार्क्सचं अंतर मुळात ६ पॉइंट असतं, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. ब्लीड ३ मिलिमीटरचा. मग खुणा आणि पट्टी ब्लीडमध्ये येणारच. अंतर ब्लीडइतकं किंवा थोडं जास्त ठेवलं की हा दोष जातो.

पण खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. पानाच्या पीडीएफसोबत येणारे ते छोटे चौकोन प्रेसच्या उपयोगाचे क्वचितच असतात. इम्पोझिशनमध्ये, म्हणजे आठ पानं एका मोठ्या शीटवर मांडली, की पानाभोवतीचं सगळं झाकलं जातं. मशीनमन वाचतो ती पट्टी शीटच्या पूर्ण रुंदीभर धावते. ती बहुधा ग्रिपरच्या (मशीन शीट पकडतं त्या कडेच्या) विरुद्ध कडेला, कटिंगच्या बाहेर असते, आणि ती इम्पोझिशन करताना प्रीप्रेसवालाच लावतो. म्हणजे रबाळ्यात गेलीस तर हे काम तुझंच.

ती इतकी लांब का, हे कळलं की बाकीचं सोपं जातं. मशीनवर शाई सगळीकडे एकाच नळातून येत नाही. रुंदीचे साधारण ३० मिलिमीटरचे भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाची शाई वेगळी कमी-जास्त करता येते. म्हणून पट्टीतले चारही शायांचे सॉलिड (पूर्ण भरलेले) चौकोन प्रत्येक भागासमोर पुन्हा पुन्हा यावे लागतात. मशीनमन डेन्सिटोमीटर (शाईचा थर मोजायचं यंत्र) लावतो आणि डावीकडे मजेंटा जास्त आहे की मध्ये सायन कमी आहे, हे आकड्यात बघतो. शेजारचे ५० आणि ७५-८० टक्क्यांचे टिंट, म्हणजे बारीक ठिपक्यांनी बनलेले फिके चौकोन, छापताना ठिपका किती फुगला ते सांगतात. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर मोजला तर ६५ च्या आसपास भरतो. हे फुगणं गृहीत धरलेलंच असतं, ते ठरलेल्या मर्यादेत आहे का एवढंच पाहायचं. आयएसओ १२६४७-२ या मानकात त्या मर्यादा दिलेल्या आहेत.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो करडा चौकोन. सायन ५०, मजेंटा ४०, यलो ४० एकत्र छापले की करडा रंग यायला हवा, आणि शेजारी फक्त ५० टक्के ब्लॅकचा चौकोन असतो. तीन शायांचा करडा लालसर किंवा हिरवट दिसला, तर यंत्र न लावताही डोळ्यांना कळतं की तोल गेलाय. ग्राहकाचा फोटो बिघडण्याआधी हा चौकोन बिघाड दाखवतो.

यातून प्रीप्रेसवाल्यावर दोन बंधनं येतात. पट्टी शीटमध्ये बसत नाही म्हणून ती दाबून-ताणून बसवायची नाही. आणि कलर कन्व्हर्जनमधून ती जाऊ द्यायची नाही. शुद्ध सायनच्या चौकोनात तीन टक्के मजेंटा शिरला, की मशीनमन खोट्या आकड्यांवर शाई फिरवत बसतो आणि दोष कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही.

आईची काळजी मी हलकी मानत नाही. लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, हँडबिलं कमी झाली, हे तुझ्या दुकानातही दिसत असेल. पण औषधाचा खोका, तेलाच्या बाटलीचं लेबल, बिस्किटांचं कार्टन मोबाइलवर पाठवता येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॅकेजिंगचं काम आहे. तिथे डाय-लाइन (खोका कापायच्या-दुमडायच्या रेषा), स्पेशल रंग, व्हार्निश, बारकोड अशी कामं येतात. बारकोडच्या रेघा लाल रंगात दिल्या तर लाल प्रकाशाच्या स्कॅनरला त्या दिसत नाहीत. औषधाच्या खोक्यावर एक दशांशचिन्ह हललं तर अख्खा माल परत येतो. फाइल तपासणारी सॉफ्टवेअरं बऱ्याच प्रेसमध्ये आधीपासून आहेत आणि आणखी हुशार होतील. ती आरजीबी फोटो पकडतात. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र मोडला, हे पकडायला अजूनही मराठी वाचणारं माणूस लागतं. अ‍ॅप डिझाइनचा कोर्स वाईट नाही. पण तुझ्या पत्रात त्याची ओढ मला दिसली नाही, शेरे समजून घ्यायची ओढ मात्र दिसली.

शिक्षणाचंही बोलून घेऊ. मुंबईच्या शासकीय मुद्रणतंत्र संस्थेचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर असतो, त्यामुळे बारावी आर्ट्स आड येत नाही. मुद्रण-पॅकेजिंगच्या अभियांत्रिकी पदवीला बारावी सायन्स लागतं, तो रस्ता आत्ता सोडून दे. आयटीआयमध्ये प्लेट मेकर-कम-इम्पोझिटर हा ट्रेड आहे. अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचे छोटे अभ्यासक्रम पुढे नोकरी करता करता बघता येतील. मला विचारशील तर पहिलं वर्ष प्रेसमध्येच जाऊ दे, फी भरायचा निर्णय त्यानंतर घे.

होकार देण्याआधी प्रेसला काही गोष्टी स्पष्ट विचार. ट्रेनीचा काळ किती, त्यानंतर पगार किती, आणि हे लेखी मिळेल का? इम्पोझिशन आणि सीटीपीवर (फाइलवरून थेट प्लेट काढायच्या मशीनवर) बसू देणार, की वर्षभर व्हिजिटिंग कार्डच करायला लावणार? आठवड्यातून काही तास मशीनपाशी उभं राहता येईल का? तुला खरं शिक्षण तिथेच मिळणार आहे, त्यामुळे या प्रश्नावर अडून राहा. दिवाळीच्या आणि निवडणुकीच्या हंगामात रात्रपाळी लागते का, लागली तर घरी सोडायची सोय काय, हे आईला बरोबर घेऊनच विचार. ठाण्याहून रबाळ्याला ट्रान्स-हार्बरने दिवसा सहज जाता येतं, पण शेवटच्या गाडीनंतरचं आधीच ठरलेलं बरं.

आणि ते आठ पानी माहितीपत्रक पुन्हा कर. मजकूर एका काळ्यात, फोटो त्यांच्या प्रोफाइलमध्ये, ब्लीड ३ मिलिमीटर, कलर बार काढून टाकलेले, फक्त कटिंग मार्क ब्लीडच्या बाहेर. छपाईसाठीच्या पीडीएफचे दोन प्रकार आहेत, त्यांतली पीडीएफ/एक्स-४ चालेल की एक्स-१ए हवी, ते फोनवर विचारून घे. होकाराच्या मेलला हीच दुरुस्त फाइल जोड.