पेटचं ग्लायकोलिसिस करायला बसण्याआधी

अनेक आशीर्वाद.

पेट बाटल्या निवडल्यास, बरं केलंस. पॉलिथिन तापवलं की साखळी वाटेल तिथे तुटते आणि हाती तेलांची खिचडी येते. पेटमधला एस्टरचा जोड मात्र ठरल्या जागीच सुटतो. गरम ग्लायकॉलने तो सोडवणं म्हणजेच ग्लायकोलिसिस, आणि त्यातून बीएचईटी हा पेटचा मूळ घटक परत मिळतो.

५० ग्रॅम वाळवलेले फ्लेक्स, म्हणजे बाटल्यांचे बारीक तुकडे, २०० ग्रॅम एथिलीन ग्लायकॉल, अर्धा ग्रॅम झिंक अॅसिटेट. तीन तोंडी चंबू, वर कंडेन्सर, नायट्रोजनची बारीक धार, तापमान १९० ते १९६ अंश. फ्लेक्स दिसेनासे झाले म्हणजे काम झालं असं धरू नकोस. द्रावणात अजून लांब तुकडे असतात. दोनेक तास दे. रात्रभर मात्र उकळू नकोस. बीएचईटी आणि त्याचा डायमर, म्हणजे दोन घटकांची जोडी, यांचा समतोल साधला की उतारा वाढत नाही, उलट ग्लायकॉलचं डायएथिलीन ग्लायकॉल होत राहतं. ते नव्या पॉलिमरमध्ये शिरलं की त्याचा वितळबिंदू घसरतो.

खरी मेहनत चंबूच्या आधी आणि नंतर आहे. झाकणं पाण्यावर तरंगतात, ती सहज निघतात. पीव्हीसीचं लेबल पेटसारखंच बुडतं, आणि तापलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून सगळा माल पिवळा करतं. शंका आली तर फ्यूम हूडमध्ये तांब्याची तार ज्योतीत लाल कर, तुकड्याला टेकव, पुन्हा ज्योतीत धर. हिरवी झाक दिसली तर तो तुकडा बाजूला काढ.

मिश्रण ९० अंशांवर आल्याशिवाय पाणी घालू नकोस, नाहीतर वाफेसरशी सगळं उसळून अंगावर येईल. मग ५०० मिली उकळतं पाणी घालून गरम असतानाच गाळ. फनेल आधी तापवून घे. थंड फनेलमध्ये बीएचईटी तिथेच गोठतं आणि कागद तुंबतो. न विरघळलेलं पेट आणि डायमर कागदावर राहतात. गाळलेलं पाणी ४ अंशांवर रात्रभर ठेवलंस की पांढऱ्या सुया दिसतील. त्या गाळून ६० अंशांवर वाळव. उरलेल्या पाण्यात ग्लायकॉल आणि जस्त दोन्ही असतं, मोरीत ओतू नकोस.

हिशेबाने ५० ग्रॅम पेटचं ६६ ग्रॅम बीएचईटी व्हायला हवं, कारण १६ ग्रॅम ग्लायकॉल त्यात जोडलं जातं. त्याहून जास्त भरलं तर खूश होऊ नकोस, माल ओला आहे. वितळबिंदू १०६ ते ११० अंशांत यावा. खाली आणि पसरट आला तर ग्लायकॉल राहिलंय, गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक पाड. मला नुसता उतारा कळवू नकोस, कागदावर उरलेल्या गाळाचं कोरडं वजनही लिही.